लाँचवरचा खंडेनवमीचा रंग

एका जागी बसवत नाही हे माझं जुनं दुखणं. शाळेतून रिटायर झाले तरी पायाची भिंगरी थांबली नाही. गेल्या वर्षी तिला येलदरीची लाँच सापडली.

माझे वडील, आमचे आप्पा, येलदरी धरणावर मोटर लाँच चालवायचे. साहेब लोकांना पाण्यावरून हिंडवून आणणारी, लाकडी बुडाची. ती निजामाच्या घरची होती, असं आप्पा जन्मभर सांगत आले. मागच्या उन्हाळ्यात एका नातवानं मोबाईलमध्ये काहीतरी बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला की ह्या निव्वळ थापा. सगळे हसले. मीही हसले, त्याची लाज अजून वाटते. त्या दिवसापासून आप्पांनी लाँचचं नाव काढलं नाही. मग बाकीचं बोलणंही आटलं. बोलकं माणूस गप्प झालं की घर खायला उठतं.

त्यातच कळलं की काठाला कलंडून पडलेली ती लाँच दसरा झाला की भंगारात जाणार. म्हटलं, त्याआधी पुरावा आणते आणि आप्पांना पुन्हा बोलतं करते.

तीन महिने जिवाला चैन नव्हती. परभणीहून जिंतूर, जिंतूरहून येलदरी. एसटीचे कंडक्टर ओळखायला लागले. एका दफ्तरात म्हणाले कागद दुसरीकडे आहेत, दुसरीकडे म्हणाले वाळवीनं खाल्ले. एका म्हाताऱ्या कारकुनानं लय आढेवेढे घेऊन एक उर्दू कागद काढला, तेव्हा वाटलं हाच तो निजामाचा. वाचून घेतला तर म्हशींच्या बाजाराचा निघाला. कपाळ माझं!

शेवटी एका मेकॅनिकनं सांगितलं की असल्या लाँचीला बांधणाऱ्याची पितळी पाटी असते, ती रंगाखाली दबली असेल. मला धीर कुठला. खंडेनवमीला आठवडा राहिला होता. एका रंगाऱ्याला छन्नी-हातोडा घेऊन सोबत नेलं. रंगाचे थरावर थर, निघता निघेनात. तो बिचारा जपून काढायलाय, तर मीच ओरडले की दया करू नका, हाणा. दुपारपर्यंत एक बाजू उघडी पडली आणि पाटी निघाली. मुंबईचा कुठलासा कारखाना. साल बघितलं तर निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झालेली.

निघताना रंगाचा एक तळहाताएवढा पोपडा पर्समध्ये टाकला. का टाकला कोण जाणे, रिकाम्या हातानं परतवेना एवढंच.

वाटेत दहादा खोटं बोलायचं ठरवलं. घरी आल्यावर जमलं नाही. पाटीचं सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत हाय मला," आप्पा म्हणाले. "त्या पाटीवर रंगाचा पयला हात मीच मारला व्हता."

नुसत्या लाँचच्या डायवरला साहेब 'ए' म्हणायचे, निजामाच्या लाँचच्या डायवरला चहा विचारायचे. एवढंच त्यांचं म्हणणं. मी चिडू का हसू मला कळेना. तेवढ्यात त्यांना मी पर्समधून काढलेला पोपडा दिसला. तो घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि त्याच्या कडेला दिसणाऱ्या थरांवरून नख फिरवू लागले. दर खंडेनवमीला पूजेआधी लाँचला रंगाचा एक हात द्यायचा, हा त्यांचा नेम. धरणाच्या दफ्तरात जो उरलेला असेल तो रंग.

"हा हिरवा, धरणाच्या दारांचा उरलेला. हा तांबडा. आन् हा निळा, त्या साली तू झालीस. तुझ्या मायला दवाखान्यात ठिवून रंग द्यायला गेलतो मी." मग त्यांनी वर बघितलं. "बाकीचा कुठं हाय, माय?"

बाकीचा मी छन्नीनं उडवून आले होते. पाटीसाठी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं येलदरी गाठली. मासे धरणारे बघत होते आणि मी चिखलात वाकून, स्वतःला शिव्या देत पोपडे वेचत होते. बरेच पाण्यात गेले होते. उरले ते स्टीलच्या डब्यात भरून आणले.

खंडेनवमीला आप्पांनी तो डबा पाटावर मांडला आणि हळद-कुंकू वाहिलं. मग भिंतीला टेकून बसले आणि लाँच कुठून आली ते पहिल्यापासून सांगायला लागले. निजामाच्या घरून. तोच नातू समोर होता. त्यानं तोंड उघडलं तशी मी डोळे वटारले, आणि आप्पांना म्हटलं, "मग पुढं?"