दुर्बीण आमच्याकडे बघितली, घेतली फोनवर

मंडळी, मी ओमानमध्ये बरका गावी बंदुकांच्या दुकानात अकरा वर्षं सेल्समन आहे. बंदुका परवान्यावरच विकल्या जातात, त्यामुळे दुकान चालतं ते बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी आणि कव्हरं विकून.

आज सकाळी आमचे जुने ओमानी गिऱ्हाईक सालेम आले. मी अर्धा तास दुर्बिणी दाखवल्या. एक पसंत पडली, तेव्हा त्यांनी फोन पुढे केला. तीच दुर्बीण ऑनलाइन निम्म्या किमतीत होती.

"यांना परवडतं कसं?" त्यांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. त्यांना दुकानाचं भाडं नाही, माझ्यासारख्याचा पगार नाही. माल हजारांनी घेतात आणि थेट गोदामातून पाठवतात. आमच्याकडे तो दोन व्यापाऱ्यांच्या हातून येतो.

त्यांनी माझ्यासमोरच ऑर्डर दिली. "आली की तूच बसवून दे."

मी हो म्हणालो.

अर्बाब, म्हणजे आमचे मालक, गल्ल्यावरून ऐकत होते. सालेम गेल्यावर शांतपणे म्हणाले, "ईदनंतर दुकान खलास." माझा व्हिसा याच दुकानाचा आहे, ते बंद झालं की मलाही परत जावं लागणार.

घरी बायकोला सांगणार, तर ती मुलीचे शाळेचे बूट फोनवर मागवत होती. "दुकानापेक्षा किती स्वस्त आहेत बघा," म्हणाली.

मी बुटांचं माप बघून दिलं, दुकानाचं सांगायचं राहिलंच. तुम्ही काय बोलला असता?