विरोधाविना संमत

आज सकाळी दत्ताराम गेला, आणि मी हुकूमशहा झालो.

हे विधान शुद्ध घटनात्मक अर्थाने घ्यावे.

साठच्या दशकाचा आरंभ. मसुरे गावच्या आमच्या चिमुकल्या वाचनालयात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. उमेदवार दोन: दत्ताराम आणि अस्मादिक. तो शाळेत इतिहास शिकवी, मी संस्कृत.

मते समसमान पडली.

मी गंभीर मुद्रेने अमेरिकेचा दाखला दिला. अध्यक्ष एकच असावा. अंकुशाला संसद आणि न्यायालय असतेच.

"आणि हय खंय आसा तुजा न्यायालय? माडार?" दत्तारामने विचारले.

मग त्याने रोम काढले. "थंय दोन कॉन्सल आसत. सत्ता दोघांक सारखी. एक म्हयनो तुजो, एक माजो. आणि एकान नाय म्हटला की दुसऱ्याचा काम थंयच रवला."

अशा रीतीने सैन्य, सेनेट आणि साम्राज्य वजा जाता रोमन प्रजासत्ताक मसुऱ्यात प्रस्थापित झाले.

त्यानंतर माझा एकही ठराव सुखासुखी जगला नाही.

संस्कृत व्याख्यानमाला?

"नाय रे बाबा. आयकतलो कोण?"

दारावर माझे तैलचित्र?

"पोरां भियेतली."

समतोलासाठी मीही त्याच्यावर व्हेटो वापरत असे. वाचनालय टिकले ते यामुळेच. दोघांपैकी एकालाही मूर्खपणा पूर्णत्वास नेता आला नाही.

त्रेसष्ट साली अमेरिकेच्या अध्यक्षांची हत्या झाली. उपाध्यक्षांनी त्याच दिवशी, विमानातच, शपथ घेतली. रेडिओपुढे बसून मी त्या सिस्टीमची मुक्तकंठाने स्तुती केली. खुर्ची क्षणभरही रिकामी राहिली नाही!

दत्तारामने रेडिओ बंद केला.

"रिकामी रवाक व्हयी हुती रे थोडी. मानूस गेलो मां."

मी अविवाहित. मला 'नाही' म्हणण्याचा अधिकार उभ्या आयुष्यात त्या एकाच मनुष्याकडे होता.

आज स्मशानातून परतल्यावर कार्यकारिणी जमली.

"गुरुजी, आता तुमीच एकटे अध्यक्ष," तरुण सदस्य आदराने म्हणाले. फारच आदराने.

मी ठराव मांडला: दत्तारामच्या स्मरणार्थ वाचनालय आज बंद ठेवावे.

आणि थांबलो.

कुणीतरी म्हणेल, माणूस गेला म्हणून पुस्तकांनी काय घोडे मारले?

सर्वांनी माना डोलावल्या.

ठराव विरोधाविना संमत झाला.

कुलूप मीच लावले. घरी आलो. आता बोलायला कोणी नाही, म्हणून हे इथे लिहितो आहे.

दत्ताराम, माझ्या एकमेव विरोधका, तुला अखेरचा नमस्कार.