कोठीच्या छपरासाठी गेर

दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यात नायकाची, म्हणजे तांड्याच्या मुखियाची, जुनी दगडी कोठी आहे. बैलांवर लादून आणलेलं मीठ एके काळी तिथे उतरायचं. आतला शिसवी पलंग, पितळी कड्यांचा झोपाळा आणि बायकांनी आरसे टाचून भरलेले पडदे अजून शाबूत होते. छप्पर मात्र खचलं होतं. आताचा मालक, नायकाचा नातू प्रेमसिंग, पुण्यात नोकरीला. त्याने निरोप धाडला, "पाडव्यापर्यंत छपराचं काही झालं नाही तर सामान विकून टाकीन."

बिजलीबाईने निरोप ऐकला आणि पदर खोचला. तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून दुसऱ्यांची पोरं सांभाळलेली बाई. कोणी नाही म्हटलं की तिला जोरच चढायचा. कौलं तिने घरोघरी फिरून जमवली. सुतार तांड्यातलाच, तो फुकट राबायला तयार झाला. चौदा सागवानी तुळया तेवढ्या राहिल्या.

"गेर मागू," ती म्हणाली. होळीत बायकांनी नाचत वाट अडवायची आणि पैसे मागायचे, ही तांड्याची रीत.

म्हाताऱ्या भुरीबाईने हात झटकला. "गेरचा पैसा घरात रात्र काढत नाही, बिजले. त्याच दिवशी खाऊन संपवायचा. तू कायले साठवतं व?"

"साठवते कोण, मावशे? त्याच दिवशी संपवीन. लाकडं घेऊन."

"अन् आमचं जेवण?"

"पिठलं-भाकर मी घालीन. पोट फुटेपर्यंत खाय."

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी अठरा बायका घागरे आणि कवड्यांचे दागिने चढवून दारव्ह्याच्या बाजारात उतरल्या. कोणी दहाची नोट काढली की त्याच्या मिशीवर गाणं व्हायचं. तो लाजून शंभरावर यायचा. दुपारी त्या लाकूड कापायच्या आरा मशीनवर पोचल्या. मालक धर्मपालने कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्ही लाकडं घ्याले आल्या का मले लुटाले?"

"पहिले गेर दे भाऊ. भावाचं मंग बोलू."

त्याने गेर दिला. बिजलीबाईने एकेक तुळई ठोकून पाहिली, दोन गाठाळ निघाल्या त्या परत ठेवायला लावल्या. बारा तुळयांत पैसा संपला.

"दोन उधार नेता?" धर्मपालने विचारलं.

"गेरात उधारी नसते," म्हणत तिने प्रेमसिंगला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "प्रेम, बारा तुळया ट्रॅक्टरवर चढल्या. तुया गेर बाकी आहे."

"काकू, मी मीटिंगमध्ये आहे."

"मंग मीटिंगलेही ऐकू दे."

तिने हात उंचावला. अठरा जणींनी त्याच्या नावाने असं गाणं उचललं की पलीकडे माणसं खदखदून हसलेली इथे ऐकू आली. धर्मपालने फोनमध्ये आपला नंबर सांगितला आणि थोड्या वेळाने त्याचा मोबाइल वाजला. दोन्ही तुळयांचे पैसे आले होते.

"आता सामान विकत नाही ना रे?" बिजलीबाईने विचारलं.

"नाही, काकू. पाडव्याले येतो. पलंगावर आजोबासारखा लोळीन."

"तू ओसरीत लोळ, बाप्पा," ती म्हणाली. "पलंगाले पहिले पॉलिश करायचं आहे."