डोमाजींच्या वहीतली बाळंतपणं

मध्य प्रदेशातल्या तिरोडीच्या बाजारात डोमाजींचं औषधाचं दुकान होतं आणि त्या दुकानात सगळ्यात जास्त खपायचा तो बाळंतकाढा. कारण साधं. काढा आंबवलेला. बाळंतिणीला दोन चमचे दिला तर अंगात ऊब येते. गड्यानं बाटलीभर ढोसला तर त्याचे दोन पाय दोन गावांना निघतात. पलीकडे महाराष्ट्रात दारूबंदी, म्हणून तुमसरकडून गाडीनंही गिऱ्हाईक यायचं, पोट धरून.

मग सरकारचा नियम आला. काढा परवान्याशिवाय विकायचा नाही. विकायचा तो फक्त बाळंतिणीसाठी, एका बाळंतपणाला एक बाटली, आणि तिचं नाव वहीत लिहायचं. डोमाजींनी अकरा वर्षं बालाघाटला एका डॉक्टरकडे कंपाउंडरी केलेली. पुडी बांधायची ती चौकोनी, वही आखायची ती सरळ. त्यांनी अर्ज केला, परवाना मिळवला, काच लावून भिंतीवर टांगला. वही आखताना एक रकाना मात्र त्यांनी आपल्या मनानं घातला: मुलगा की मुलगी. सरकारनं तो मागितला नव्हता.

“बाळंतपन म्हटलं का थे इचाराच लागते ना, बावा,” ते म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात महागू आला. खदानीत पाट्या वाहणारा, मजुरांच्या चाळीत, म्हणजे लाइनीत राहणारा, एरवी बोलला की बैल बुजायचे. त्या दिवशी आवाज असा बारीक, जसा काही तोच बाजेवरून उठून आलाय.

“डोमाजीभाऊ... लई तरास झाला जी.”

“कोनाले?”

“साळीले.”

“मुलगा का मुलगी?”

महागूनं डोकं खाजवलं. “तुमीच सांगा ना भाऊ, काय बरं दिसंल?”

डोमाजी हसले आणि मुलगा लिहिला.

मग रांगच लागली. कोणी नाकातून बोलायचा, कोणी डोळे पुसायचा. एकानं तर मुलगी झाली म्हणून असा सुस्कारा सोडला की बाजूच्या गिऱ्हाइकानं त्याची समजूत काढली. डोमाजींना कळत होतं. पण लिहून घेतलं की खोटं त्याचं आणि वही आपली, असा त्यांचा हिशेब. सरकारनं लिहायला सांगितलं होतं, खरं आहे का ते पाहायला कुठं सांगितलं होतं?

त्यांची बायको गोदाबाई एवढंच म्हणाली, “इतके लेकरं झाले गावात, तं रडतात कोठी?”

डोमाजी वहीचं पुढचं पान आखायला लागले.

नथ्थू आला तेव्हा मात्र त्यांचा टाक थांबला. नथ्थूचं लग्न होऊन नऊ वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. त्याची बायको पुष्पलता याच दुकानातून मूल व्हावं म्हणून औषधं नेत असे. कोणी नसताना यायची, पुडी पदराखाली धरून जायची. नथ्थू खाली पाहत म्हणाला, “पुष्पलताले मुलगा झाला, लिवा.”

डोमाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग लिहिलं. नाही म्हणावं तर महागूला का हो म्हटलं, असा प्रश्न होता. सावनात नथ्थू पुन्हा आला, दिवाळीनंतर पुन्हा. दुसऱ्यांदा टाक थांबला नाही. याचंच त्यांना पुढे नवल वाटत राहिलं.

त्या हिवाळ्यात, ऐन बाजाराच्या दिवशी, आबकारीचे दरोगासाहेब आले. खुर्ची ओट्यावर ओढली आणि वही उघडली.

“एक सौ अठारह जचकी,” वहीतली बाळंतपणं मोजून ते म्हणाले. “और लाइन में घर कितने?”

“चौसष्ट, साहेब.”

“वाह.” साहेबांना मजा वाटू लागली. गर्दी जमली तशी ते मोठ्यानं वाचू लागले. “पुष्पलता, पति नथ्थू. फागुन में लड़का. सावन में लड़की. अगहन में फिर लड़का. ये औरत है कि कारखाना?”

गर्दी खदखदून हसली. मग मागून पुढे, एकेक करत हसू थांबलं, कारण पिशवी धरून पुष्पलता तिथंच उभी होती.

साहेबांनी तिला पुढं बोलावलं. “देखो बाई, सीधी बात. नाम झूठा निकला तो इनका लाइसेंस गया, और बोतल ले जाने वाला मेरे साथ चलेगा. बच्चे हुए थे कि नहीं?”

नथ्थू भाजीच्या गाड्याआड उभा होता. पुष्पलतानं त्याच्याकडे पाहिलं. मग डोमाजींकडे. डोमाजींना तेव्हा एकच दिसत होतं: भिंतीवरची ती काच. हिनं हो म्हणावं, एवढं एकदा म्हणावं.

“हौ साहेब,” ती म्हणाली. “झालते.”

“कहाँ हैं?”

तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“गेले.”

“तीनों?”

“हौ. तिन्ही गेले.”

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दुकान वाचलं होतं. डोमाजींना हे कळलं, आणि त्याच दमात हेही कळलं की उद्यापासून गावातल्या बायका या बाईला तीन मेलेल्या लेकरांची आई म्हणून भेटायला जातील, आणि तिला रडावं लागेल.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “झालेच नाही. एकही नाही. मी लिवले.”

“और बोतल कौन ले गया?”

“वही माही, अक्षर माहं. मले दुसरं काही सांगता येत नाही.”

साहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग पंचनामा झाला, बाटल्यांना लाखेचं सील लागलं, परवाना भिंतीवरून उतरला. नथ्थूचं नाव कोणी घेतलं नाही. वही बगलेत मारून साहेब स्टेशनाकडे गेले.

गर्दी पांगली, तिच्यातून नथ्थूही सटकला. पुष्पलता ओट्यापाशीच होती.

“थो लिवाले आला तवा तुमी त्याले ‘नाही’ काहून नाही म्हटलं, दादा?”

डोमाजींनी ओट्यावरची खुर्ची आत सरकवली.

“चुकलो, बाई.”

“आता खोडा थे तिन्ही लेकरं.”

“वही तं साहेबानं नेली.”

“कोठी?”

“बालाघाटले. कचेरीत राहील.”

“म्हंजे आता थे तिघं सरकारजवळ राह्यले?”

“हौ.”

तिनं पिशवी ओट्यावर टेकवली.

“पोरगी एकच लिवली व्हय ना?”

“एकच. सावनातली.”

“राहू द्या मंग. कागदावर तरी राहील थे,” पुष्पलता म्हणाली, आणि पिशवी उचलून नथ्थू गेला होता त्याच्या उलट्या बाजूनं घरी निघाली.