सव्वा रुपयाचं जाळं

आम्ही जळाऊ लाकूड जाळ्यात भरून विकायचो. जाळी अंबाडीच्या दोरीची. छिद्रं एवढी मोठी की हात आत जाईल, पण फोडलेला ओंडका बाहेर पडणार नाही. ढीग घालून विकलं की गिऱ्हाईक म्हणतं, खाली कुजकं दडवलं. जाळ्यातलं चारही बाजूंनी दिसतं. दोघांनी उचलून हातगाडीवर टाकलं की झालं. रिकामं जाळं पुढच्या खेपेआधी परत पोचवायचं.

नवे पैसे सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ठेकेदारानं जंगल तोडून नेलं की फांद्या मागे राहत, त्या नवऱ्यानं विकत घेतल्या होत्या. त्याआधी तो त्याच ठेकेदाराकडे तोडीला जायचा. डाव्या पायाची दोन बोटं तिथेच ठेवून आला. मृगाच्या सुमारास मुकादम तांड्यात पुढच्या हंगामाची उचल वाटायला येई. तोपर्यंत लाकूड गेलं नाही, तर नवरा उचल घेऊन परत तोडीवर जाणार, असं घरात ठरलं होतं. मला ते नको होतं. मायेबियेचं सोडा. तो सहा महिने जंगलात राहिला की शेत, सासू आणि दोन बैल मी एकटीनं किती ओढायचे?

भाव मी सांगायची. मी चौथी पास, पण त्यासाठी नव्हे. नवरा भाव सांगताना खाली बघायचा, आणि खाली बघणाऱ्याला कोणी भाव देत नाही. एका जाळ्याचा सव्वा रुपया. घेणारे सगळे आर्णीचे लहान विक्रेते. आमच्याकडून नेऊन ते हॉटेलांना आणि घरोघर विकत. त्यांत हातगाडीवाला एक म्हातारा मुसलमान होता. त्याला सगळे चाचा म्हणत. तो दर बाजाराला दहा जाळी नेई. चाचा जिकडे जाईल तिकडे बाकीचे जात.

उन्हाळा लागला तसा चाचा एक दिवस आला आणि गाडी लावायच्या आधीच म्हणाला, "पोरी, आता रुपयानं दे. मोटारस्टँडपाशी लाकडाची मोठी टाल निंगाली. काट्यावर मणानं देते तो. तुयं जाळं महाग पडून राह्यलं."

"मंग तिथूनच घ्या न, चाचा."

"जुना संबंध हाये म्हून सांगून राह्यलो."

"संबंधाचे चार आणे कापता काय?"

नवरा मागून म्हणाला, "देऊन टाक. पडून राहीन सारं." मी त्याच्याकडे पाहिलं. तो बैलांना पाणी पाजायला गेला.

मी म्हटलं, "आडत्याचा काटा मागवते. तुमचं एक जाळं तोलू. टालवाल्याच्या मानानं कमी भरलं, तर रुपयानं न्या."

चाचानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "कायले एवढी खटपट? काटा आनायचा, टांगायचा. इमानावर चालते न आपलं."

भाव पाडायला आलेला माणूस काट्याला भितो, म्हणजे काही आहे. मी सकाळी भरलेलं त्याचं एक जाळं तिथेच ओतलं आणि ओंडके मोजले. भरताना आम्ही मोजत नव्हतो. तोंड बांधता आलं की जाळं भरलं. दिवाळीनंतर सुरुवात केली तेव्हा एका जाळ्यात वीस बसायचे. चाचाच्या जाळ्यातून सव्वीस निघाले. खांबाला एक न वापरलेलं जाळं होतं, ते भरून पाहिलं. वीस.

सासू, म्हणजे आमची याडी, अंबाडी सोलत बसली होती. ती हसायला लागली. आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहायचे. नवं जाळं विणलं की आठ दिवस झाडाला टांगायचं, आत दगड ठेवायचा, आणि दोरी ताणायची तेवढी ताणली की मगच शेवटच्या गाठी मारायच्या, ही त्यांची रीत. तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मला हंगामाची घाई. "याडी, तुझा काळ गेला," म्हणून मी विणल्या दिवशीच जाळी भरली. मग प्रत्येक खेपेला ती सैल होत गेली.

आणि चाचानं आपल्या दहा जाळ्यांना काळी चिंधी बांधली होती. "माह्याच जाळ्यात भरून दे," म्हणायचा. मला वाटे, टापटिपीचा माणूस आहे. त्यानं सगळ्यांत ताणलेली दहा निवडून ठेवली होती.

"कवापासून माहीत हाये, चाचा?"

"दुसऱ्या खेपेपासून." लाज वगैरे काही नाही. "तू भाव पाह्य, मी जाळं पाह्यतो. ज्याचं त्याचं काम."

"मंग अजून कमी कायले मागता?"

"तू वाढवशीन म्हून. आधी कमी मागून ठेवलं का समोरचा वाढवाले भितो."

मला ते उत्तर आवडलं. मी म्हटलं, "मी नाही भीत. हे जाळं दीड रुपया. याडी वरची ओळ आवळून देईन, त्यात वीसच बसतीन, ते सव्वा. टाल तिकडे हाये."

त्यानं बिडी पेटवली. तो गेला असता तर सगळेच गेले असते, आणि नवऱ्याची उचल पक्की. मी त्याच्या जाळ्यात ओंडके परत टाकायला लागले, मोठ्यानं मोजत. विसावर थांबले. सहा बाजूला ठेवले.

चाचा त्या सहांकडे बघत राहिला. सगळा धावडा, वाळून खडखडीत. टालवाल्याच्या मणात ओली सालई असे. काट्यावर भरे आणि चुलीत नुसता धूर करी. ती नेली तर हॉटेलवाले चाचाच्याच अंगावर येणार.

"दीडवाली दहा भर," तो म्हणाला. "फेऱ्या तरी कमी होतीन."

"सहाबी टाकू?"

"टाक न. पैसे कायचे घेतं मंग?"

बाकीच्यांनी सव्वावाली नेली. हिवाळाभर किती लाकूड फुकट गेलं त्याचा मी हिशेब केला नाही. करून ते परत येणार नव्हतं.

मुकादम आला तेव्हा आवारात फक्त साली उरल्या होत्या. नवरा म्हणाला, "बाईले विचारा." मी मुकादमाला चहा दिला आणि उचल नको म्हणून सांगितलं. जाताना तो कडुनिंबाखाली थांबला. फांदीला नवी जाळी लटकत होती, प्रत्येकात दगड.

"हे काय होय?"

"पुढच्या सालचं माप," मी म्हटलं.