साप झोपल्यावर

लेकीकडे अमेरिकेत आले आणि तिथल्या सुरुवातीच्या साहित्याचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. आधी मूळ रहिवाशांच्या तोंडी चालत आलेल्या कथा, मग जहाजांतून आलेल्या गोऱ्यांच्या रोजनिश्या नि प्रवचनं. शेजारच्या आजीबाई त्या मूळ रहिवाशांपैकीच. ऐन उन्हाळ्यात मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे धावले.

"ही तुमच्याच लोकांची गोष्ट ना? सांगा ना!"

त्यांनी पुस्तक हळूच मिटलं. "आत्ता नाही. साप जागे आहेत. आमच्या गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगायच्या."

मला इतका आनंद झाला! रोजनिशी कधीही उघडावी, पण ही गोष्ट छापली गेली तरी आपला ऋतू सोडत नाही. आईसुद्धा श्रावणातल्या कहाण्या श्रावणातच वाचायची, आणि आम्ही मुठीत अक्षता धरून ऐकायचो.

मग मी रोज सकाळी पडदा सारून बर्फ शोधू लागले. लेक हसायची.

आज अंगण पांढरंशुभ्र झालं, आणि आजीबाई स्वतःच दारात हजर! "चल गं, झोपले साप!"

त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, आणि माझी रिकामी मूठ आपोआप मिटली.