समजलेले दाखवायला लावणारे मण्यार सर

प्रा. इब्राहीम मण्यार सरांची आणि माझी पहिली भेट झाली, ती माझ्या चोरीच्या मुद्देमालासकट. शहाद्याच्या अध्यापक महाविद्यालयात मी नुकतीच दाखल झाले होते. म्हसावदच्या केळीवाल्या घरातली मुलगी, विज्ञानाची पदवीधर, आणि ‘शिकवण्यात काय एवढे मोठे?’ अशा तोऱ्यात वावरणारी. पहिल्या सराव पाठाचे टाचण मी आदल्या वर्षीच्या एका ताईंच्या वहीतून जसेच्या तसे उतरवले. आमच्याकडे तशी रीतच होती. वह्या हातोहात फिरत. चुंबकाच्या पाठात त्या ताईंनी लिहिले होते, ‘विद्यार्थी नदीच्या पात्रातील वाळूतून लोहकण वेगळे करतात.’ त्यांचा पाठ तापीकाठच्या शाळेत झाला होता. माझी शाळा भर बाजारात.

मागच्या बाकावर सर माझी वही उघडून बसले होते. पाठ संपल्यावर त्यांनी वहीत पाहिले, खिडकीबाहेर पाहिले आणि अगदी निरागसपणे विचारले, “ताई, नदी कोठे शे?”

वर्ग खो खो हसला. मी रडायच्या बेतात होते. पण सरांनी माझ्या हातातले चुंबक घेतले आणि मुलांना मैदानात नेले. तिथल्या धुळीत चुंबक फिरवून मुलांनी चिमूट चिमूट लोहकण गोळा केले. “आते लिही,” सर म्हणाले, “मैदाननी धूय. जे व्हयनं, तेच लिही.” सर घरी उर्दू बोलतात, व्यासपीठावर शुद्ध पुस्तकी मराठी, आणि पाठ फसला की अहिराणी. त्यामुळे आमच्या वाट्याला त्यांची अहिराणीच जास्त आली.

जे शिक्षक नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगते. टाचणात उद्दिष्टाच्या शेजारी ‘स्पष्टीकरण’ लिहायचे असते, म्हणजे पाठ संपल्यावर मूल प्रत्यक्ष काय करू शकेल, ते. आम्ही सगळे बेधडक लिहायचो, ‘विद्यार्थ्यांना समजेल.’ सर विचारायचे, “पोऱ्यासले समजनं, हाई तुले कसं समजनं? माले दखाड.” मग ते वर्गातल्या कुठल्याही मुलाला बोलावून वहीतले एकेक वाक्य करून दाखवायला सांगत. मुलाला जमले नाही, तर मुलाला काही बोलत नसत, आम्हालाही नाही; ते वाक्य तेवढे खोडत. काहींच्या टाचणात शेवटी फक्त तारीख आणि इयत्ता उरे! सरांच्या वडिलांचे बांगड्यांचे दुकान होते. त्यांची खणाखणांची जुनी पेटी सर काखेत घेऊन फिरत. तिच्यात भिंगे, तारा, सेल, बल्ब. आमच्यापैकी कुणाकडे साहित्य नसले, तर ती पेटी न मागता टेबलावर येई.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

पुढे मला अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात एका आश्रमशाळेत नोकरी लागली. सहावीत रायकी नावाची मुलगी होती. घरी पावरी बोलणारी. वर्गात तोंडातून शब्द नाही. व्याख्या विचारली की खाली मान. मुख्याध्यापकांनी तिच्याबद्दल लेखी अभिप्राय मागितला. तिचे वडीलही येऊन सांगून गेले होते, “शिकत नसेल तर घेऊन जातो, बाई. घरी काम आहे.” मी लिहिले, ‘विद्यार्थिनीला काहीही समजत नाही.’ लिहिले खरे, पण कागद देववेना. सरांना फोन केला. सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी तिकडच्या गाडीची वेळ तेवढी विचारली, “तठे गाडी कव्हय जास?”

दुसऱ्याच दिवशी शहाद्याहून एसटीने अक्कलकुवा आणि पुढे जीपमध्ये दाटीवाटीने बसून सर पेटीसह हजर झाले. आधी माझे टाचण वाचले. त्यात होते, ‘विद्यार्थी व्याख्या सांगतात, कारण सांगतात, उदाहरणे सांगतात.’ “तुन्ही वहीमा बठ्ठं तोंडनंच काम शे,” ते म्हणाले. “हातनं काम कोठे शे?”

मग रायकीच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांनी तिच्यापुढे दोन सेल, तारा आणि बल्ब ठेवले आणि स्वतः गप्प बसले. तिने तारा जोडल्या. बल्ब पेटला नाही. तिने टोके घासली, बल्ब घट्ट केला, तरीही नाही. मग तिने एकेक सेल वेगळा लावून पाहिला, त्यातला एक बाजूला काढला आणि सरांपुढे धरला. तो संपलेला होता. सरांनी मुद्दामच दिला होता. शेजारच्या मुलीने काहीतरी विचारले, तेव्हा रायकीने तिला पावरीत भराभरा सगळे समजावून सांगितले. सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले. त्यांच्याबरोबर सारा वर्ग वाजवू लागला. मला मात्र स्वतःची फार लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

मी तो कागद फाडला आणि नवा अभिप्राय लिहिला : ‘विद्यार्थिनी परिपथ जोडते. दिवा न लागल्यास दोष शोधून काढते. शोधलेले मैत्रिणीला तिच्या भाषेत समजावते.’ सरांनी तो दोनदा वाचला आणि एकही शब्द खोडला नाही. रायकी वर्गातच राहिली. पुढे आयटीआय करून आज ती अक्कलकुव्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते, आणि गिऱ्हाइकांशी अशी मराठी बोलते की तिला थांबवणे कठीण.

सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. ‘दीर्घायुष्य लाभो’ एवढेच लिहिले, तर ते म्हणतील, यात पाहण्यासारखे काय? म्हणून पाहता येईल असेच मागते. सरांनी अजून कित्येक वर्षे कुणाचा हात न धरता एसटीची पायरी चढावी, खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा स्वतःच्या दातांनी फोडाव्यात आणि आमच्या शाळांत अचानक येऊन मागच्या बाकावर बसावे. सर, खरंच या. मागच्याच आठवड्यात एका मुलाबद्दल मी पुन्हा ‘समजत नाही’ असे लिहिले आहे.